शेवटच्या आधीची गाडी

"बाई, चौकशी!"

वन्संनी चमच्याने टेबलावर टकटक केलं आणि मान खाली घातली, जणू समोर खरोखरच काच आहे आणि त्या काचेला बुटकं भोक आहे.

"बोला. कुठे जायचंय?"

"आधी मान वर करून बघा तरी. खुर्चीत बसलं की माणुसकी खुंटीला टांगायची असं शिकवतात का तुम्हाला?"

"मागे रांग आहे. लवकर बोला."

मागे रांग नव्हती. मागे धुतलेली भांडी निथळत होती आणि खिडकीत दोन फडकी वाळत होती. पण दर गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर हा खेळ असाच रंगायचा. पालथा घातलेला कप म्हणजे शहरातला मोठा बस स्टँड. मिठाची बरणी म्हणजे गाडी बदलायचा फाटा. काडेपेटी म्हणजे रविवारी जायचं ते गाव, आणि चमचा म्हणजे गाडी. चमचा मात्र कधी कपापासून निघायचा नाही. तो काडेपेटीपासून निघून उलटा कपाकडे यायचा. जायचं कसं ते कुणालाही सुचतं, यायचं कसं ते आधी ठरवावं, हा चौकशीबाईंचा नियम होता.

"परत कधी यायचंय?" त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"अंधार पडल्यावर," वन्सं म्हणाल्या.

चमचा हवेतच राहिला.

"आणि जायचंय कुठे?"

वन्संनी काडेपेटी बोटाने सरकवत टेबलाच्या पार कडेला नेली, भिंतीला टेकवली. त्या दिशेला त्यांच्या सहली कधी गेल्याच नव्हत्या. "तळ्यावर," त्या म्हणाल्या. "इस्पितळाच्या तळ्यावर."

चौकशीबाईंनी चष्मा काढला आणि तो पुसायला घेतला. स्वच्छच होता तो.

त्यांना चौकशीबाई हे नाव कुणी दिलं ते आता सांगता येणार नाही. मोठ्या स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत त्या लग्नाआधी चिकटल्या आणि डोक्यावरचे केस पांढरे झाल्यावर उठल्या. तोवर दूधवाल्यापासून शेजारणीपर्यंत सगळे त्यांना याच नावाने ओळखायला लागले होते. इमारतीत नव्याने राहायला येणाऱ्यांना वाटायचं, या बाई पोलिसात असाव्यात. त्यांच्यासमोर ती माणसं जरा जपूनच बोलत.

खिडकीच्या काचेतलं भोक ज्याने पाडलं तो बहुधा बसूनच मापं घेणारा असावा. उभ्या माणसाला वाकल्याशिवाय बोलता यायचं नाही. त्यामुळे चौकशीबाईंना माणसं दिसायची ती तोंडापासून खाली. हनुवटीवरून त्या माणूस ओळखायच्या. दाढी करताना कापलेली हनुवटी म्हणजे नोकरीच्या मुलाखतीला निघालेला, थरथरणारी म्हणजे घरून तार आलेली. "गाडी कधी आहे?" एवढंच विचारून लोक थांबत, जणू जगात एकच गाडी आणि एकच गाव आहे. एकदा एका गृहस्थाने विचारलं होतं, "बाई, आमची मंडळी कुठल्या गाडीने गेली ते सांगता येईल का?" चौकशीबाई म्हणाल्या होत्या, "गाडीचं सांगते. मंडळींचं घरी विचारायचं होतं." त्या काळी खिशात फोन नव्हते. जग विचारत विचारत चालायचं, आणि विचारायला ही एक खिडकी होती.

सुट्टीच्या आदल्या दिवशी रांग वेगळी असायची. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतायचं, पोरांना काहीतरी दाखवायचं, खिसा सांभाळायचा. अशा लोकांना त्या आधी परतीचं विचारायच्या आणि मग सांगायच्या, "परत येताना शेवटच्या गाडीवर राहू नका. तिच्या आधीची धरा. शेवटची गाडी म्हणजे गाडी नसते, ती आशा असते. चुकली, बंद पडली, ड्रायव्हरचं पोट दुखलं, तर रात्र रस्त्यावर." अशी रस्त्यावर राहिलेली माणसं त्यांनी सकाळी पाहिली होती, झोपलेल्या पोरांना खांद्यावर घेऊन खिडकीशी येणारी. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे त्या त्यांच्याकडूनच शिकल्या होत्या.

वन्सं म्हणजे त्यांच्या नवऱ्याची थोरली बहीण. लहान मुलाला कडेवर घेऊन विधवा होऊन भावाच्या घरी आल्या आणि राहिल्या. नाकावर राग आणि जिभेवर काटा. पहिल्याच दिवशी भावजयीला म्हणाल्या होत्या, "तू नोकरी करतेस ते ठीक आहे, पण घरात मला वेळापत्रक सांगायचं नाही." दोघींचं जमणार नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. ते अगदी खोटंही नव्हतं. दोघी भांडत होत्या. पण जेवायला एकमेकींसाठी थांबत होत्या.

"तळ्यावर आता काय आहे?" चौकशीबाईंनी चष्मा चढवला. "इस्पितळ बंद होऊन जमाना झाला. तिथे आता गोदाम आहे म्हणतात."

"तळं आहे ना? का तेही गोदामात टाकलं?"

"वन्सं, डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात?"

"डोळे माझे आहेत. मी कशी विसरेन?"

डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. डोळ्याची नस वाळत चालली आहे, ती पुन्हा हिरवी होत नाही. आधी कमी उजेडातलं दिसेनासं होईल, मग कडा जातील, मग उरलेलं. वन्संनी सगळं ऐकून घेतलं होतं आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या होत्या, "म्हणजे पहिल्यांदा माझ्या संध्याकाळी जाणार." त्यानंतर त्यांच्या मुलाने ठरवलं, आईला आपल्याकडे न्यायचं. तो लांबच्या शहरात होता, चांगला होता, सूनही चांगली होती. पुढच्या रविवारी तो न्यायला येणार होता. म्हणजे हा रविवार शेवटचा. दोघींनी तसं एकदाही म्हटलं नव्हतं.

"आपण इतकी गावं हिंडलो," वन्सं म्हणाल्या, "किल्ला पाहिला, बंदर पाहिलं, दीपस्तंभ पाहिला. दीपस्तंभ, अगं! आणि त्यात दिवा पेटलेला पाहिला का आपण? लोकांना सांगितलं तर हसतील. सगळी गावं तू मला दुपारची दाखवलीस. कुत्री झोपलेली, दुकानं अर्धी मिटलेली आणि सावली पायाखाली. कुठल्या गावात दिवे लागताना मी पाहिलं नाही. माझे डोळे असेपर्यंत एक संध्याकाळ मला बघायची आहे. आणि बघायची तर ती तिथलीच."

चौकशीबाईंनी चमचा काडेपेटीजवळ ठेवला. "तळ्यावरून परतीच्या दोनच. पावणेसहाची आणि सव्वासातची. वेळा अजून त्याच आहेत. सव्वासातची शेवटची." त्यांनी चमचा हळूहळू मिठाच्या बरणीपर्यंत आणला. "आपण पावणेसहाची धरू. फाट्यावर पुढची गाडी लगेच आहे."

"बरं," वन्सं म्हणाल्या. "तू म्हणशील तसं."

चौकशीबाईंना त्याचीच भीती वाटली. इतक्या वर्षांत वन्संनी कधी 'तू म्हणशील तसं' म्हटलं नव्हतं.

शनिवारी मुलाचा फोन आला. "मामी, उद्या जाताय म्हणे कुठे तरी?"

"जवळच."

"जा, पण तिला अंधारात बाहेर ठेवू नकोस हं. परवा जिन्यात पाय चुकला, तुला सांगितलं नसेल तिने."

सांगितलं नव्हतं. "नाही ठेवणार," चौकशीबाई म्हणाल्या. "उजेड असताना घराच्या वाटेला लागू."

फोन ठेवल्यावर वन्सं आतून ओरडल्या, "काय म्हणतो तुझा भाचा?"

"तुमचा मुलगा म्हणतो, आई जिन्यात धडपडली."

"जिना धडपडला. मी जिथल्या तिथे होते."

*

रविवारी सकाळी गाडीत चढताना वन्संनी नेहमीसारखा आधाराचा हात झटकला. "मी काय आंधळी झाले?" म्हणत दांडा धरून चढल्या आणि नेहमीसारख्या खिडकीशी बसल्या. खिडकी त्यांची, हे पहिल्या सहलीपासून ठरलेलं. "तू जन्मभर खिडकीतच बसलीस," त्यांनी तेव्हाच निकाल दिला होता. "आता मला बसू दे."

ती पहिली सहल घडली ती घर खायला उठलं म्हणून. चौकशीबाईंचा नवरा गेल्यावर इतर दिवस कामात निघायचे, पण रविवार सरायचा नाही. दोघी दोन खोल्यांत बसून एकमेकींच्या खोकल्याचा आवाज ऐकत. अशाच एका रविवारी चौकशीबाई उठल्या, पोराला पायात बूट घालायला सांगितलं आणि म्हणाल्या, "चला." कुठे ते विचारायचीही कुणाला गरज वाटली नाही. पुढे पोर मोठं झालं, मित्रांबरोबर जायला लागलं. या दोघी मात्र जातच राहिल्या. शहरातून ज्या ज्या दिशेला सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल, त्या सगळ्या दिशा पायाखाली घातल्या. एक सोडून.

त्या दिशेला आज गाडी निघाली होती. कारखान्यांच्या भिंती संपल्या, रोपवाटिका लागल्या. फाट्यावर उतरून त्यांनी चहा घेतला. चहावाला बदलला होता, बाक तोच होता. पूर्वी दर रविवारी त्या इथेच गाडी बदलायच्या. हातात पिशवी, पिशवीत उकडलेली अंडी, संत्री आणि धुतलेले कपडे.

"इथे तू एकदा माझ्यावर चिडली होतीस," वन्सं म्हणाल्या.

"एकदाच?"

"संत्र्यांवरून. मी आंबट आणली म्हणून."

"त्यांना आंबट चालायची नाहीत. खोकला यायचा."

"माझा धाकटा तो. लहानपणापासून त्याला आंबटच आवडायची. तुला सांगायचा नाही, इतकंच." वन्संनी चहा फुंकला. "मी गपचूप द्यायचे."

इतक्या वर्षांनी चौकशीबाईंना नवऱ्याबद्दल नवीन काहीतरी कळलं होतं, आणि ते आंबट संत्र्याएवढं होतं. ते त्यांनी जपून ठेवून दिलं.

तो छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. ओळ उलटी वाचायची सवय इतकी, की बायको टेबलावर परतीपासून प्रवास मांडायला लागली की म्हणायचा, "बघ, तूही शेवटाकडून वाचतेस." छातीचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरांनी मोकळ्या हवेतलं इस्पितळ सांगितलं. तळ्याकाठी दोन लांबलचक बैठ्या इमारती, ओटीवर ओळीने खाटा. दर रविवारी या दोघी जायच्या आणि पावणेसहाच्या गाडीने परतायच्या.

तळ्याच्या थांब्यावर दोघी उतरल्या तेव्हा दुपार झाली होती आणि सावली, नेहमीप्रमाणे, पायाखाली होती. इस्पितळाची एक इमारत पडली होती. दुसरीला पत्र्याचा दरवाजा लावून खरंच गोदाम केलं होतं. ओटी मात्र शिल्लक होती. राखणदाराने कोण, कुठल्या अशी चौकशी केली.

"आमचं माणूस होतं इथे," वन्सं म्हणाल्या.

"कुठल्या खाटेवर?" त्याने विचारलं. त्याच्या तोंडून तो प्रश्न इतका सहज आला की असं विचारत येणारी माणसं त्याने पुष्कळ पाहिली असावीत.

"पाण्याच्या बाजूला. शेवटून दुसरी."

त्याने त्यांना ओटीवर बसू दिलं. दोघींनी तिथेच डबा उघडला. वन्संनी एक संत्रं सोललं, फोड तोंडात घातली आणि तोंड वाकडं केलं. चौकशीबाईंनी हात पुढे केला. "मला द्या."

"आंबट आहे."

"असू दे."

दुपार ओसरली. तळ्याच्या कडेने दोघी सावकाश थांब्यापर्यंत आल्या. थांबा म्हणजे एक सिमेंटचा बाक, डोक्यावर पत्रा आणि एक खांब. त्या खांबावर दिवा होता, पण तो लागतो की नाही ते कळायला मार्ग नव्हता. बाक रस्त्याकडे तोंड करून होता. वन्सं मात्र त्याच्यावर उलट्या बसल्या, रस्त्याकडे पाठ आणि तळ्याकडे तोंड. चौकशीबाई रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या.

पावणेसहाची आली, वेळेवर. मोकळीच होती. दारात कंडक्टर उभी होती, कोवळ्या वयाची, पण आवाजात दम असलेली. "या आजी, लवकर!"

चौकशीबाईंनी एक पाय पायरीवर ठेवला आणि मागे वळून हाक मारली, "वन्सं!"

वन्सं उठल्या नाहीत. त्यांनी मानही वळवली नाही.

"दुसऱ्या आजी येतायत ना?" कंडक्टरने विचारलं. "मागच्या गाडीवर राहू नका हं. शेवटची आहे ती, तिचा काही भरवसा नसतो."

आपलंच वाक्य असं गणवेश घालून समोर उभं राहिलेलं पाहून चौकशीबाई क्षणभर घोटाळल्या. पोरगी बरोबर बोलत होती. त्यांनीही हेच सांगितलं असतं. भाच्याला शब्द दिला होता. अंधार पडला की वन्संना दोन पावलांवरचं दिसणार नव्हतं, आणि गाडी नाहीच आली तर या ओसाड रस्त्यावर दोन म्हाताऱ्या कुणाच्या तोंडाकडे बघणार होत्या? आणि तरीही त्यांचा पाय पायरीवर होता आणि डोळे त्या बाकावरच्या पाठीवर. वाकलेली, शालीत गुंडाळलेली पाठ. इस्पितळातल्या त्या शेवटच्या रविवारी याच वन्संनी त्यांचं मनगट धरून त्यांना याच पायरीवर चढवलं होतं.

त्यांनी पाय खाली घेतला.

"जा बाई तुम्ही," त्या म्हणाल्या. "आम्ही मागच्या गाडीने येतो."

कंडक्टरने त्यांच्याकडे पाहिलं, काही बोलावं की नाही असं तिला झालं, मग तिने घंटी ओढली. धूळ उडाली आणि खाली बसली. चौकशीबाई बाकाला वळसा घालून आल्या आणि वन्संच्या शेजारी, त्यांच्यासारख्याच उलट्या बसल्या.

"गेली?" वन्संनी विचारलं.

"गेली."

"तू नाही गेलीस."

"डबा तुमच्याजवळ आहे. रिकामा असला तरी माझा आहे."

वन्संच्या तोंडावर हसू येऊन गेलं. तळ्यावर ऊन तिरपं झालं. दुपारी जे पाणी नुसतं पाणी होतं, त्याला आता अंग आलं. पलीकडच्या झाडांच्या सावल्या पाण्यावरून लांबत लांबत अलीकडे आल्या. बगळे एकेक करून एकाच झाडावर उतरू लागले आणि जागेवरून त्यांची कुरबूर सुरू झाली.

"भांडतायत," वन्सं म्हणाल्या.

"खिडकी कुणाची त्यावरून असेल."

पाणी आधी पिवळं, मग तांबूस, मग राखेच्या रंगाचं झालं. वन्सं डोळ्यांची पापणी न लववता बघत होत्या. मधेच त्यांनी डोळे बारीक केले, मग मोठे केले. चौकशीबाईंच्या लक्षात आलं, की इतरांना अजून पुष्कळ उजेड असला तरी वन्संचा उजेड संपत आला आहे.

"बाई," वन्सं हळूच म्हणाल्या, "चौकशी."

बाकावर चमचा नव्हता, कप नव्हता. चौकशीबाई सरळ बसल्या. "बोला."

"त्या दिवशी सव्वासातची आली होती का?"

हा प्रश्न इतकी वर्षं घरात होता. दोघींच्या मधे जेवायला बसायचा, रविवारी त्यांच्याबरोबर गाडीत चढायचा. त्याला तोंड फुटलेलं आज पहिल्यांदा ऐकू आलं. त्या दिवशी नवऱ्याला धाप लागली होती आणि चौकशीबाईंना वाटलं होतं, आज थांबावं. पण घरी पोराला ताप होता, शेजारणीच्या गळ्यात टाकून आल्या होत्या. वन्सं म्हणाल्या, 'चल गं, शेवटच्या गाडीचा काय भरवसा, तूच म्हणतेस ना?' आणि दोघी पावणेसहाच्या गाडीने निघाल्या. दिवे लागल्यावर तो गेला. शेवटची गाडी यायच्या आधी.

"आली होती," चौकशीबाई म्हणाल्या.

"वेळेवर?"

"वेळेवर. आणि जवळजवळ रिकामी."

"तुला कसं माहीत?"

"कामावर परत गेले, त्या दिवशी पहिली चौकशी मी तीच केली."

वन्संनी मान हलवली. "मला वाटलंच होतं. तू विचारल्याशिवाय राहणार नाहीस. आणि मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"घाई माझी होती," वन्सं म्हणाल्या.

"नियम माझा होता."

एक बगळा उडाला, हवेत घिरटी घालून पुन्हा त्याच फांदीवर बसला. चौकशीबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "आणखी एक सांगायचं राहिलंय," त्या म्हणाल्या. "तिथल्या नर्सने मला सांगितलं होतं. दिवे लागले तेव्हा त्यांनी तिला विचारलं, पावणेसहाची मिळाली का दोघींना? ती म्हणाली, मिळाली. मग म्हणाले, बरं झालं. आणि कूस वळवली."

वन्संनी त्यांच्याकडे तोंड वळवलं आणि म्हणाल्या, "हे तू इतकी वर्षं पोटात ठेवलंस? मला सांगितलं असतंस, तर मी तुझ्याशी इतकी भांडले नसते."

"म्हणूनच नाही सांगितलं," चौकशीबाई म्हणाल्या. "तुम्ही रडत बसला असतात, तर मीही बसले असते. पोर होतं, नोकरी होती. भांडायला कुणीतरी असलं की माणूस उभं राहतं."

वन्संनी नाक पुसलं. "उभी राहिलीस मात्र," त्या म्हणाल्या. "खांबासारखी."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "दिवे लागले का गं?"

पलीकडच्या काठावर एक दिवा लागला होता. मग दुसरा. त्यांची वाकडी प्रतिबिंबं पाण्यात उतरली. चौकशीबाईंनी वन्संकडे पाहिलं. त्या बरोबर त्याच दिशेला बघत होत्या, पण दिवा बघणाऱ्याच्या डोळ्यांत जे उमटतं ते त्यांच्या डोळ्यांत नव्हतं.

"लागले," चौकशीबाई म्हणाल्या. "दोन. आता तिसरा लागला. एक जरा पिवळा आहे. खाली पाण्यात लांब उतरलेत."

"हलतायत का?"

"हलतायत."

"हं," वन्सं म्हणाल्या. "तो सांगायचा. दिवे पाण्यात चालतात म्हणून. आम्हाला वाटायचं, तापात बडबडतोय."

अंधार पडला. खांबावरचा दिवा लागणाऱ्यांपैकी नव्हता. सव्वासात झाले असावेत, होऊनही गेले असावेत. रस्ता दोन्ही बाजूंनी काळा होता. जन्मभर चौकशीबाईंनी ज्यांना सावध केलं, त्या सगळ्या हनुवट्या त्यांच्यासमोरून गेल्या. शेजारून एक हात चाचपडत आला आणि त्यांच्या स्वेटरची बाही धरून राहिला. तो हात आजवर त्यांनी पुढे केलेला हात प्रत्येक वेळी झटकत आला होता. त्यांनी बाही हलवली नाही.

"आली," वन्सं म्हणाल्या.

"मला नाही दिसत."

"मला ऐकू येतेय."

आणि खरंच, बऱ्याच वेळाने वळणावर दोन दिवे उगवले.

पायरी चढताना वन्संनी हात झटकला नाही. चौकशीबाई सांगत गेल्या, "इथे पायरी. आणखी एक. आता सरळ," आणि वन्सं तेवढंच पाऊल टाकत आत आल्या. गाडी जवळजवळ रिकामी होती. नेहमीच्या बाकाशी आल्यावर चौकशीबाई त्यांना खिडकीची जागा देण्यासाठी बाजूला झाल्या. वन्सं उभ्याच राहिल्या.

"तू बस खिडकीशी," त्या म्हणाल्या.

"तुमची जागा आहे ती."

"मला आता काय करायचीय खिडकी? बस म्हणते ना. म्हातारपणी तरी एकदा ऐक."

चौकशीबाई आत सरकल्या. वन्सं शेजारी बसल्या. बाही अजून त्यांच्या मुठीत होती. गाडी निघाली.

"काय दिसतंय?" थोड्या वेळाने वन्संनी विचारलं.

चौकशीबाईंनी काचेला कपाळ लावलं. तळं मागे राहिलं होतं. झाडं नव्हती, शेतं नव्हती, रस्ताही नव्हता. काचेत दोन म्हाताऱ्या तेवढ्या शेजारी शेजारी बसलेल्या होत्या. काहीतरी रचून सांगता आलं असतं. पण जन्मात कुणाला त्यांनी खोटी माहिती दिली नव्हती.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "अंधार आहे."

"म्हणजे मला दिसतंय तेवढंच तुला दिसतंय."

"हो वन्सं. तेवढंच."

वन्संनी समाधानाने मान मागे टेकली. गाडी अंधारातून बराच वेळ धावत राहिली. मग लांबवर फाट्यावरचा पहिला दिवा दिसला, आणि चौकशीबाई सांगू लागल्या.